सुटलेल्या अक्षराची उलटी बाजू

टी-शर्टावर चिकटवलेलं नाव दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात कडेने सुटायला लागलं, की घरी शर्ट करणारा माणूस सहसा एकच उपाय करतो. पुढच्या शर्टाला इस्त्री आणखी तापवतो. तरीही सुटलं तर आणखी तापवतो. मग एक दिवस पांढरा शर्ट पिवळा पडतो किंवा पॉलिएस्टरच्या जर्सीवर चौकोनी चकाकी उठते, आणि व्हिनाइलच भिकार निघालं असा निकाल लागतो. कधीकधी ते खरंच भिकार असतं. पण पुष्कळदा दोष उष्णता कमी पडण्याचा नसतोच, आणि तो कशाचा आहे हे सांगणारा पुरावा आपण सोलून कचऱ्यात टाकलेला असतो.

हा पुरावा म्हणजे सुटलेल्या तुकड्याची उलटी बाजू. ती उजेडात तिरकी धरून, जमलं तर भिंगाखाली बघावी. पण काय बघायचं ते कळायला हे व्हिनाइल कशाचं बनलेलं असतं ते थोडं माहीत हवं.

हीट ट्रान्सफर व्हिनाइलच्या रोलमध्ये तीन थर असतात. सगळ्यात वर पारदर्शक पॉलिएस्टरची शीट. ती फक्त अक्षरं जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी असते आणि शेवटी सोलून टाकायची असते. मधे रंगीत फिल्म. आजकाल ही बहुतेक पॉलियुरेथेनची असते, काही जाड आणि स्वस्त प्रकारांत पीव्हीसीची. आणि खाली उष्णतेने वितळणारा गोंद. हा गोंद हाताला अजिबात चिकट लागत नाही, त्यामुळे नवख्या माणसाला रोलची कुठली बाजू कुठली तेच कळत नाही. तापला की तो पातळ होतो, दाबाखाली धाग्यांच्या मधे उतरतो आणि निवला की तिथेच घट्ट होतो. कापडाशी त्याचं रासायनिक नातं जवळपास काहीच जुळत नाही. चिक्कीतला पाक शेंगदाण्यांना जसा चारी बाजूंनी धरतो, तसा हा तंतूंना धरतो. पाक दाण्यांच्या मधे उतरलाच नाही तर चिक्कीचा तुकडा पडणार नाही, दाणे आणि गूळ वेगवेगळे हातात येतील.

आता उलटी बाजू. तिच्यावर तीनपैकी एक गोष्ट दिसते. पहिली, गोंद अजून गुळगुळीत आणि चकचकीत आहे, जवळजवळ रोलवर होता तसाच. म्हणजे तो नीट वितळला नाही, किंवा वितळला पण आत दाबला गेला नाही. दुसरी, गोंदावर कापडाच्या विणीचा ठसा आहे आणि त्यात बारीक तंतू अडकलेले आहेत. म्हणजे चिकटवण्याचं काम बरोबर झालं होतं, नंतर कशाने तरी ते उखडलं. तिसरी, उलट्या बाजूला गोंदच नाही. तो शर्टावर राहिला आहे आणि रंगीत फिल्म तेवढी सुटून आली आहे. तीन चित्रं, तीन वेगळे आजार, आणि इस्त्री आणखी तापवणं हा त्यातल्या फक्त पहिल्यावरचा उपाय, तोही अर्धवट.

घरच्या इस्त्रीने केलेल्या कामात पहिलं चित्र सगळ्यात जास्त दिसतं. साध्या पॉलियुरेथेन व्हिनाइलला साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस, दहा ते पंधरा सेकंद आणि मध्यम दाब लागतो. इस्त्रीवरचे दोन ठिपके म्हणजे साधारण १५० अंश, तीन म्हणजे साधारण २००. आकडे पाहता इस्त्री पुरेशी तापते. पण तिचा थर्मोस्टॅट एकच तापमान धरून बसत नाही. दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, आणि त्या दरम्यान तळ बराच वरखाली होत राहतो. वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोकं असतात, आणि भोकाखालच्या जागेला ना धड उष्णता मिळते ना दाब. सुटलेल्या अक्षरावर ठरावीक अंतराने न चिकटलेले गोल ठिपके दिसले, तर दुसरं कारण शोधत बसू नये.

इस्त्रीची खरी अडचण मात्र तापमानापेक्षा दाबाची आहे. घरगुती इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरा. तुम्ही तिच्यावर अगदी वीस किलोचा भार टाकलात, आणि हात भरून येईपर्यंत धरून ठेवलात, तरी दर चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅमच वाट्याला येतात. त्यातही पलंगावर चादर पसरून इस्त्री करायची आपल्याकडची पद्धत. दिलेला दाब गादीच खाऊन टाकते. म्हणून व्हिनाइलसाठी कडक पृष्ठभाग हवा: जमिनीवर किंवा भक्कम टेबलावर प्लायवुडचा तुकडा, त्यावर एकच पातळ सुती कापड. टेबल कमरेच्या खाली असेल तर अंगाचं वजन देता येतं. आणि इस्त्री फिरवायची नाही. कपड्याची इस्त्री आणि व्हिनाइलची इस्त्री यांत सवयीने होणारा घोटाळा हाच: हात आपोआप सरकवायला जातो, अक्षर सरकतं, कडेला सुरकुती पडते. एक जागा दाबून धरायची, उचलायची, शेजारची जागा धरायची, आणि दोन जागा एकमेकींवर थोड्या येऊ द्यायच्या.

शर्ट तापलेल्या प्लेटखाली दाबून धरणारी हीट प्रेस घेतली की दाबाचा प्रश्न संपतो. तरफेमुळे ती सहज शंभर किलोच्या वर बल देते. पण मग एक नवाच भरवसा तयार होतो, तो म्हणजे पडद्यावरच्या आकड्यावर. आकडा १५५ दाखवतो, म्हणजे प्लेटमध्ये जिथे सेन्सर बसवला आहे त्या एका बिंदूपाशी १५५ आहे. स्वस्त यंत्रांत कोपरे मधल्या भागापेक्षा थंड असतात, आणि म्हणूनच मधली अक्षरं पक्की बसतात पण नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर सुटतं. खात्री करून घ्यायला काही जण बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर आणतात. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो सपशेल खोटं सांगतो, कारण चकाकणारा धातू उष्णतेचे किरण फार कमी सोडतो आणि थर्मामीटर तेवढेच मोजतो. प्लेट तापलेली असते, आकडा थंडीचा येतो, माणूस आणखी तापवतो. त्यापेक्षा मल्टिमीटरसोबत मिळणारी थर्मोकपलची बारीक तार शर्ट आणि व्हिनाइल यांच्या मधे ठेवून प्रेस बंद करावी. गोंद जिथे वितळायचा आहे तिथलं तापमान किती सेकंदांत कुठवर चढतं ते कळतं, आणि खरं तर तेवढंच कळायला हवं असतं.

पहिले चार शर्ट उत्तम आणि आठव्यापासून पुढचे सुटणारे, असं झालं तर व्हिनाइलवर किंवा शर्टावर संशय घेऊ नये. प्रत्येक शर्ट प्लेटमधली थोडी उष्णता घेऊन जातो आणि ती भरून यायला वेळ लागतो. त्यातून घरात व्होल्टेज कमी असेल तर आणखी. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर शक्ती जेमतेम तीन चतुर्थांश उरते. मंडळाचे पन्नास शर्ट रात्रीत उरकायची घाई आणि संध्याकाळचं पडलेलं व्होल्टेज, दोन्ही एकाच वेळी येतात. दोन शर्टांच्या मधे अर्धं मिनिट थांबणं एवढाच उपाय आहे, पण घाईत नेमका तोच कोणाला सुचत नाही.

शिवणी, बटणं, चेन, कॉलर यांचा त्रासही याच जातीचा. प्लेट सगळ्यात उंच जागी टेकते. गळ्याची जाड शिवण प्लेटखाली आली, की तिच्या आसपासच्या बोटभर पट्ट्याला दाब मिळतच नाही, आणि सुटणारी कड नेमकी त्या पट्ट्यातली असते. गळा प्रेसच्या गादीबाहेर लोंबता ठेवावा, किंवा छपाईच्या जागेखाली फोमचा छोटा तुकडा घालून ती जागा शिवणीपेक्षा वर आणावी. जुन्या माऊसपॅडचाही उपयोग होतो.

आता पाणी. महाराष्ट्रात टी-शर्टांचा हंगाम आणि पावसाळा एकत्र येतात. दहीहंडी, गणपती, ढोल-ताशा पथकांचे सराव, सगळं जुलै ते सप्टेंबरच्या ओल्या हवेत. सुती कापड कोरडं वाटलं तरी कोरडं नसतं. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो, आणि मुंबई-रत्नागिरीच्या श्रावणात त्याहून पुष्कळ जास्त. पॉलिएस्टर मात्र अर्धा टक्काही धरत नाही. १८० जीएसएमच्या सुती टी-शर्टाचा ए-फोर कागदाएवढा भाग घेतला, पुढचं-मागचं दोन्ही कापड धरलं, तर त्यात कोरड्या दिवशीसुद्धा पावणेदोन ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. त्याची वाफ झाली तर जवळजवळ तीन लिटर. ही वाफ वर जाऊ शकत नाही, कारण वर प्लास्टिकची फिल्म आहे. ती गोंदात शिरते आणि फुगे करते. शिवाय ते पाणी उडवायला जी उष्णता लागते ती, तेवढंच कापड ३० अंशांवरून १५० वर न्यायला लागणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त आहे. म्हणजे तुमच्या पंधरा सेकंदांतले कितीतरी सेकंद गोंदाच्या वाट्याला येतच नाहीत.

म्हणून व्हिनाइल ठेवण्याआधी रिकामा शर्ट पाच-दहा सेकंद दाबून घेतात. उन्हाळ्यात हे नाही केलं तरी चालून जातं, आणि त्यामुळेच लोक ते करणं सोडतात. पावसाळ्यात दोनदा दाबावं, मधे प्रेस उघडून वाफ जाऊ द्यावी. फुगे आलेलं अक्षर नेहमी वाया जात नाही. फुगा सुईने टोचून, वर टेफ्लॉन शीट ठेवून पुन्हा दाबलं तर बऱ्याचदा बसतं. टेफ्लॉन शीट नसेल तर बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद चालतो. बाजारात बटर पेपर म्हणून जे काही मिळतं त्यातलं सगळं तसं नसतं. काहींना मेण असतं, ते वितळून शर्टावर डाग पडतो आणि तो निघत नाही. कागदाच्या एका कोपऱ्यावर आधी इस्त्री टेकवून पाहावी.

गोंद गुळगुळीतच राहण्याचं आणखी एक कारण शर्टाच्या पूर्वायुष्यात असतं. तिरुपूरहून येणारे टी-शर्ट बरेचदा बायोवॉश केलेले असतात. म्हणजे एन्झाइम वापरून कापडावरची तुसं काढलेली असतात, आणि व्हिनाइलला हे उलट फायद्याचं आहे. पण मऊपणासाठी शेवटी सिलिकॉनचा हात दिलेला असेल तर गोंदाला तंतूच सापडत नाहीत, सिलिकॉनचा थर सापडतो. घरात वापरलेल्या शर्टावर तोच प्रकार फॅब्रिक कंडिशनर करतो. पावसाळी विंडचीटरवर पाणी न टिकू देणारा लेप असतो. जो पाण्याला उभं करत नाही तो गोंदालाही करत नाही, आणि त्यासाठी नायलॉनला धरणारं वेगळं व्हिनाइलच लागतं. सुती शर्ट मात्र आधी एकदा साध्या डिटर्जंटने, कंडिशनर न घालता, धुऊन वाळवून घेतला की प्रश्न बराचसा मिटतो.

आधी धुण्याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. पहिल्या धुण्यानंतर अक्षराभोवती चुण्या पडल्याची तक्रार फार येते, आणि लोक तिला गोंद सुटला असं समजतात. नखाने कड उचलून पाहा. उचलली जात नसेल तर गोंद जागेवर आहे. आटला आहे तो शर्ट. होजिअरीचं न धुतलेलं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, फिल्म आटत नाही, आणि जास्तीची फिल्म कुठे जाणार, ती चुणीत जाते. यावर नंतर काहीही उपाय नाही. पुन्हा इस्त्री मारली तर चुणी चपटी होऊन कायमची बसते.

विणीचा ठसा आणि तंतू असलेली उलटी बाजू, म्हणजे दुसरं चित्र, दिसलं तर प्रेसला हात लावू नये. तुमचं काम बरोबर होतं. नवा शर्ट धुण्याआधी चोवीस तास थांबावं, उलटा करून थंड पाण्यात धुवावा, ब्लीच टाळावं, असं रोल विकणाऱ्या कंपन्या सांगतात. त्यांच्या कागदावर जे नसतं ते आपल्या घरात असतं: साबणाची वडी, कॉलरवर चालणारा ब्रश, दगडावर आपटणं आणि दुपारचं ऊन. ब्रश कडेकडून फिल्म उचलतो, आणि एकदा कड उचलली की प्रत्येक धुण्यात ती थोडी पुढे सरकते. भेट म्हणून शर्ट देताना धुण्याच्या सूचनेची चिठ्ठी सोबत द्यावी हा सल्ला मला जरा भाबडा वाटतो. धुणारी व्यक्ती वेगळी, चिठ्ठी वाचणारी वेगळी. त्यापेक्षा अक्षराचे टोकदार कोपरे डिझाइनमध्येच गोल करून टाकावेत. टोकाला ब्रशचा केस पकडतो, गोलाईला पकडत नाही.

आणि इस्त्रीवाला. त्याची कोळशाची जड इस्त्री उन्हात सुकलेल्या कडक सुताच्या हिशेबाने तापलेली असते. ती अक्षरावरून थेट फिरली तर फिल्म मऊ होऊन तळालाच चिकटते आणि अर्धं नाव शर्टावर, अर्धं इस्त्रीवर. असा शर्ट उलटा करूनच बाहेर द्यावा.

दुसऱ्याच चित्रात मोडणारा आणखी एक प्रकार मराठी अक्षरांचा आहे. रोमन लिपीत अक्षरं सुटी असतात. देवनागरीत शिरोरेखा सगळा शब्द बांधून टाकते. एका अर्थी हे बरंच, कारण लांब सलग पट्टी सहजासहजी उचलली जात नाही. पण टी-शर्टचं विणलेलं कापड उभ्यापेक्षा आडवं जास्त ताणतं, आणि शिरोरेखा नेमकी आडवी. छातीवरचं लांब नाव शर्ट घालताना ताणलं जातं, साधी फिल्म तेवढी ताणत नाही, आणि काही आठवड्यांत शिरोरेखेवर उभ्या भेगा दिसू लागतात. इथे ताणलं जाणारं पातळ व्हिनाइल वापरावं, नाहीतर शब्द दोन ओळींत तोडावा. अनुस्वाराचं टिंब मात्र सगळ्यांत आधी जातं, कारण त्याला धरून ठेवायला शेजारी कोणीच नाही. छोट्या अक्षरांत टिंब थोडं फुगवून घ्यावं किंवा अक्षराला टेकवून टाकावं. शुद्धलेखनाला काही होत नाही, टिंब टिकतं.

कटाईच्या टप्प्यावरची देवनागरीची गोम वेगळीच आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये मात्रा, वेलांटी, काना हे वेगवेगळे आकार एकमेकांवर चढवून शब्द बनतो. पडद्यावर तो सलग दिसतो. व्हिनाइल कापणारा प्लॉटर मात्र प्रत्येक आकाराची बाह्यरेषा स्वतंत्र कापतो, त्यामुळे शिरोरेखेत जिथे जिथे आकार एकमेकांवर आले आहेत तिथे आडवे-उभे छेद पडतात. चिकटवल्यावर ते दिसत नाहीत. धुतल्यावर दिसतात. उपाय सोपा आहे: कापायला पाठवण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये सगळे आकार वेल्ड करून एक करायचे, आणि मग बाह्यरेषेच्या दृश्यात शब्द पाहायचा. आत एकही रेष उरली नसली पाहिजे.

बाकी कटाईबद्दल थोडक्यात. डिझाइन आरशातल्यासारखं उलटं करायचं असतं, हे एकदा विसरणारा पुन्हा सहसा विसरत नाही. पात्याने फिल्म आणि गोंद कापावा, कापताना खाली असणारी पारदर्शक शीट कापू नये. प्रत्येक नव्या रोलवर आधी छोटा त्रिकोण कापून सोलून बघावा. शीटच कापली गेली असेल तर वीडिंग करताना, म्हणजे नको असलेला भाग सोलताना, बारीक अक्षरं शीटसकट उचकटतात. कमी कापलं असेल तर ती ओढून ताणली जातात, आणि ताणलेलं अक्षर गरम होताच पुन्हा आक्रसतं. साध्या व्हिनाइलला ४५ अंशांचं पातं पुरतं. ग्लिटरसारख्या जाड मालाला ६० अंशांचं लागतं. एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा घरच्या कामात ठेवूच नये असं माझं मत आहे. ती कापली जाते, सोलली जाते, चिकटतेही, टिकत नाही.

पारदर्शक शीट सोलताना अक्षर तिच्यासोबत वर येत असेल तर थांबावं, ती परत खाली टेकवावी आणि पुन्हा काही सेकंद दाबावं. काही माल गरम असतानाच सोलायचा असतो, काही पूर्ण निवल्यावर. निवून सोलायचा माल गरम सोलला, तर गोंद घट्ट होण्याआधीच आपण त्याला ओढत असतो. शीट सरळ वर न ओढता शर्टाला समांतर, मागे दुमडून ओढावी. नीट बसलेल्या अक्षरातून कापडाची वीण किंचित उमटलेली दिसते. ती दिसली नाही आणि अक्षर वर ठेवलेल्या स्टिकरसारखं उठून दिसलं, तर ते धुण्याची वाट न पाहता तिथेच पुन्हा दाबावं.

तिसरं चित्र, म्हणजे गोंद शर्टावर आणि फिल्म हातात, तसं विरळ. यात फिल्म आणि गोंद यांच्यातला जोड तुटलेला असतो. ब्लीच, डाग काढायचं सॉल्व्हंट, ड्रायक्लीनिंग, किंवा वर्षानुवर्षं उन्हात-ओलीत पडलेला रोल ही त्याची नेहमीची कारणं. इथे खरोखरच माल वाईट असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्याच रोलचा एक चौरस जुन्या कापडावर लावून दोन-तीनदा धुऊन पाहावा, आणि तोही सुटला तर रोलसोबत भांडत बसू नये.

आतापर्यंत सुटण्याबद्दल बोललो. पॉलिएस्टरवर अक्षर सुटत नाही, उत्तम चिकटतं, आणि तरीही शर्ट फुकट जातो. लाल जर्सीवर पांढरी नावं लावली, सगळे खूश झाले, आणि दोन-चार दिवसांत नावं गुलाबी. पॉलिएस्टर ज्या रंगांनी रंगवतात ते डिस्पर्स रंग तंतूला रासायनिक बंधाने बांधलेले नसतात. गिरणीत सुमारे १३० अंशांना दाबाखाली ते तंतूत शिरवलेले असतात, आणि प्रेसखाली पुन्हा उष्णता मिळाली की तेच कण सैल होऊन वर सरकतात. वर त्यांना मऊ पॉलियुरेथेन भेटतं. त्यात ते आनंदाने मुरतात. हे स्थलांतर प्रेस उघडल्यावर थांबतही नाही, हळूहळू चालू राहतं, आणि म्हणून शर्ट देताना नाव पांढरं असतं आणि सामन्याच्या दिवशी गुलाबी. लाल, मरून आणि गडद निळा यांचा अनुभव सगळ्यात वाईट.

गंमत अशी, की रंगाचा हाच उडाणटप्पूपणा दुसऱ्या धंद्याचा पाया आहे. १९५० च्या दशकात फ्रान्समधल्या रूबे इथल्या कापड कंपनीत नोएल द प्लास यांनी तो छपाईसाठी वापरला: रंग कागदावर छापायचा, कागद पॉलिएस्टरवर ठेवून सुमारे २०० अंशांना दाबायचा, रंग वायुरूप होऊन तंतूत जातो. आज गल्ली क्रिकेटच्या नक्षीदार जर्सी या सब्लिमेशन छपाईच्याच असतात. आणि व्हिनाइलसाठी त्याच सगळ्यात धोक्याच्या, कारण त्यांच्यावरचा रंग मुळात उडण्यासाठीच निवडलेला असतो. संघाची जर्सी अशी असेल तर नावं आणि आकडे मूळ छपाईतच घालून घ्यावेत. नंतर लावायचेच असतील तर १२०-१३० अंशांना चिकटणारं कमी तापमानाचं व्हिनाइल, किंवा ज्याच्या गोंदावर रंग अडवणारा राखाडी थर असतो ते. काळं अक्षर तर कुठल्याही रंगावर गुलाबी होत नाही, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. कापड अनोळखी असेल तर पांढऱ्या व्हिनाइलचा नखाएवढा तुकडा शर्टाच्या आतल्या बाजूला, खालच्या दुमडीवर लावावा आणि तीन दिवस विसरून जावं.

पॉलिएस्टरवर उठणारी चौकोनी चकाकी हा रंगाचा दोष नव्हे. हा तंतू ७०-८० अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागतो, आणि प्लेटच्या कडेखाली तो चपटा होतो. चपटा तंतू प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परतवतो, म्हणून काच ठेवून काढल्यासारखा चौकोन दिसतो. हलका असेल तर ओलसर कापड वर धरून वाफ दिल्यावर बराच जातो. तो येऊच नये म्हणून छपाईपुरता फोमचा तुकडा खाली ठेवावा, म्हणजे प्लेटची कड कापडावर दाबली जात नाही. सुताचा पिवळेपणा मात्र करपण्याचा असतो. फिकट डाग पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडने निघतो, तपकिरी झालेला निघत नाही.

दोन-तीन रंगांचे थर एकमेकांवर लावताना खालचा थर प्रत्येक वेळी पुन्हा तापतो आणि थोडा आक्रसतो. पहिल्या रंगाला पूर्ण वेळ देऊन मग दुसरा ठेवला की कडा जुळत नाहीत, मधे शर्टाची बारीक रेघ दिसते. खालचे थर दोन-तीन सेकंदच टेकवावेत आणि पूर्ण वेळ फक्त शेवटच्या थराला द्यावा. ग्लिटर, पफ किंवा फॉइल खाली घालू नये. खडबडीत पृष्ठभागावर वरच्या गोंदाला टेकायला टोकंच मिळतात, जमीन मिळत नाही.

हे सगळं करूनही चुकीचं नाव, उलटं अक्षर किंवा गुलाबी आकडा शर्टावर बसलाच तर तो काढता येतो. शर्ट उलटा करून मागून गरम इस्त्री द्यावी, गोंद मऊ झाला की लगेच चिमट्याने कड उचलून हळूहळू सोलावं. एका दमात न सुटल्यास पुन्हा तापवावं. व्हिनाइल काढण्याचं सॉल्व्हंट कापडाच्या मागच्या बाजूने थेंबाथेंबाने सोडलं तर गोंद आणखी सैल होतो, पण खिडकी उघडी हवी आणि आधी शिवणीत आतल्या बाजूला चाचणी हवी. कापडात मुरलेला गोंद पूर्ण कधीच निघत नाही. अक्षराच्या आकाराचा किंचित गडद, कडक डाग राहतो, उजेडात दिसतो, आणि त्यावर नवं अक्षर लावायचं तर ते जुन्यापेक्षा सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर मोठं कापावं लागतं.